चॅट्सवर्थची पागा: वास्तुकला की नुसता तोरा?

वाटसरू:
इंग्लंडच्या डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांचा वाडा, बघणारे त्या वाड्याच्या सोनेरी खिडक्यांचे फोटो काढून दमतात आणि पागेत फक्त चहाला येतात. मला पागाच जास्त आवडली. १७६०च्या आसपास जेम्स पेन या वास्तुकाराने चौथ्या ड्यूकसाठी बांधली. मधे चौक, चारी बाजूंनी दगडी इमारत, ८० घोड्यांची सोय. थेट आपला चौसोपी वाडाच! त्या काळच्या चांगल्या पागांत प्रत्येक गोष्टीला कारण असायचं. खिडक्या उंचावर, म्हणजे उजेड येतो पण घोड्याच्या डोळ्यांवर येत नाही. फरशीला उतार, म्हणजे मूत तुंबत नाही, खूर कुजत नाहीत. वाड्यातल्या छतावरच्या देवदेवतांना आहे असं काही कारण?

खडूसकाका:
कारण म्हणे! मग दर्शनी कमानीला ग्रीक देवळांसारखे डोरिक खांब कशाला? घोडे अंग घासायला? वाड्याजवळचे जुने तबेले पाडले आणि ही नवी पागा चढावर नेऊन बसवली. येणाऱ्या पाहुण्याचे डोळे दिपावेत, दुसरं काय. वर घड्याळाचा मनोरा. घोडा वेळ बघतो का?

माळ्यावरची:
दोघेही मोतद्दारांना विसरलात. अशा पागांत ती पोरं बहुधा घोड्यांच्या वरच्या माळ्यावर झोपायची. खालून ऊब येते म्हणून कौतुक करतात लोक. उबेबरोबर मुताचा दर्पही वर येतो हो! पहाटे उठून लीद काढा, खरारा करा.

जुनाबाजार:
आता तिथे रेस्टॉरंट आणि दुकानं आहेत म्हणून नाक मुरडू नका. ब्रायटनला विल्यम पोर्डनने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८०३ ते १८०८ मध्ये घुमटाखाली पागा बांधली. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी हिंदी शिपायांच्या खाटा होत्या, आज मैफली होतात. कामाला लागली म्हणून टिकली.

खडूसकाका:
टिकली, कबूल. पण गव्हाणीच्या जागी केक ठेवला की ती पागा राहते का?

वाटसरू:
काका, खांब तुम्ही घ्या, खिडक्या मी घेतो. माळ्याबद्दल मात्र मी गप्प, ताईंचं खरं आहे. पण घड्याळ सोडणार नाही. ८० जनावरांचं दाणापाणी आणि ठरल्या वेळी दाराशी जुंपलेली गाडी, हे मोतद्दारांनी कोंबडा आरवण्यावर चालवायचं होतं का?