‘समुद्र वाटतो ना?’ : गायतोंड्यांच्या चित्राचा अर्थ कोणाचा?

मुक्काम_दादर:
अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की शेजारचा हमखास कुजबुजतो, “समुद्र वाटतो ना?” त्याच्या बायकोला धुकं दिसतं. बहुतेक चित्रांना नावसुद्धा नाही. म्हणजे अर्थ लावायचं काम आपल्यावर सोपवलंय. ज्याला जे दिसेल ते बरोबर. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने १९५७ मध्येच ह्यूस्टनच्या भाषणात सांगितलंय की सर्जन एकट्या कलावंताचं नसतं, बघणाराही त्यात भर घालतो.

रेघोट्या:
भर घालतो म्हणजे वाट्टेल ते घालतो का? नाव दिलं नाही म्हणजे ‘रिकाम्या जागा भरा’ नव्हे. गायतोंडे रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. जवळ जाऊन बघा. वरच्या थराखालून दुसराच रंग डोकावतो, मध्येच खरडल्यासारखा तुकडा येतो आणि नजर तिथे अडते. हे चित्रात आहे. समुद्र तुम्ही घरून आणलात.

हिशेबनीस:
दोघांनाही दंडवत. २०१३ मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९चं एक निनावी चित्र २३.७ कोटींना गेलं. त्यानंतर ‘मला काही कळलं नाही’ म्हणायची कोणाची टाप आहे? आधी किंमत लागते, मग अर्थ सुचतो.

मुक्काम_दादर:
हिशेबनीस, तोवर माणूस जाऊन बारा वर्षं झाली होती. दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहून वर्षाला मोजकीच चित्रं करणाऱ्याला कुठले आले कोटी? आणि रेघोट्या, डोळे कोरे करून कोण जातं हो प्रदर्शनाला?

रेघोट्या:
कोरे नकोतच. मारवा राग ऐकताना तुम्हाला काय आठवेल ते तुमचं. पण त्यात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर नाही, हे काही तुमच्या मतावर ठरत नाही.

हिशेबनीस:
आणि ज्याला पंचमच ओळखता येत नाही त्याने? गुमान घरी जायचं?

रेघोट्या:
छे, थांबायचं. लोक आधी पाटी वाचतात, ‘शीर्षक नाही’ दिसलं की वैतागतात आणि पुढे सरकतात. पाच मिनिटं एकाच चित्रापुढे उभं राहायला कोणतीही पदवी लागत नाही.

मुक्काम_दादर:
आणि पाच मिनिटांनी समुद्रच दिसला तर?

रेघोट्या:
तर चित्रात नेमका कुठे, कुठल्या रंगात दिसला ते सांगा. मग भांडू.