मदत हवी आहे: द्राक्षबागेच्या जाळीत भोरड्या अडकतायत, जाळी कशी बांधावी?

नमस्कार मंडळी,

आमची बाग निफाड तालुक्यात, कादवेच्या काठापासून जवळच. दोन प्लॉटचा खुडा झाला, थॉमसन जातीच्या द्राक्षांचा एकरभर शेवटचा प्लॉट राहिलाय. सौदा झालाय, पण व्यापाऱ्याची गाडी यायला अजून आठ-दहा दिवस आहेत. मण्यांत गोडी पुरती उतरलीय आणि नेमके याच आठवड्यात भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे वाढलेत. सकाळी साडेसहाला येतात आणि उन्हं कलली की परत. एकेका मण्याला टोच मारतात, रस गळतो, त्यावर माशा बसतात आणि दोन दिवसांत अख्खा घड सडतो. व्यापारी असला घड घेत नाही. म्हणून सासऱ्यांनी रविवारी बागेवर जाळी ओढली. काळी, बारीक धाग्याची, वेलींवर नुसती पसरलेली.

सोमवारी सकाळी तीन भोरड्या जाळीत लटकलेल्या सापडल्या. एक मेलेली होती. एकीला मिस्टरांनी सोडवलं, ती लगेच उडाली. तिसरीला मी सोडवलं. धागा पंखाखालून दोन वेढे घेऊन पायाच्या अंगठ्यात रुतला होता. मणी विरळणीची कात्री घेऊन एकेक धागा कापला, वीस मिनिटं लागली. हातात असताना पहिल्यांदा हा पक्षी इतका जवळून पाहिला. थंडीत दुर्बिणीतून मळकट दिसणारी पाठ आता स्वच्छ गुलाबी झालीय, डोकं आणि पंख काळे पण उन्हात जांभळी झाक मारणारे, डोक्यावरचा तुरा घामेजल्या केसांसारखा मागे चिकटलेला. चोचीला आमच्याच द्राक्षांचा रस लागला होता. तिचं काळीज माझ्या बोटांना जाणवत होतं.

शेपटीची डावीकडची तीन पिसं जाळीतच राहिली. उडवून पाहिली तर जेमतेम बांधापर्यंत गेली आणि खाली बसली. आत्ता खोक्यात ठेवलीय.

२०२० साली जवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं नाव रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, तेव्हा गावातल्या मुलांना घेऊन पहिल्यांदा तिथे गेले होते. तेव्हापासून पक्ष्यांच्या नोंदींची वही ठेवते. इतकी वर्षं ज्यांच्या नोंदी केल्या, त्यांचंच मरण आपल्या बागेत टांगलेलं बघवत नाही. पण सासऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. बँकेचा हप्ता या एका प्लॉटवर आहे. ते विचारतात, “या पाखरांचा आपल्याला उपयोग काय?” मला नीट उत्तर देता आलं नाही.

मला तीन गोष्टी सांगा. खोक्यातल्या भोरडीचं काय करू? पिसं गेल्यावर तिला तिच्या थव्यासोबत परत जाता येईल का? जाळी कशी बांधली म्हणजे घडही वाचतील आणि पक्षीही? आणि तुमच्याकडे थवे अजून आहेत की निघाले, हे तारीख आणि ठिकाणासह लिहा, म्हणजे आणखी किती दिवस राखण करायची त्याचा अंदाज येईल.

प्रतिसाद १

ताई, आधी पक्ष्याचं बघा. खोक्याला भोकं पाडून झाकण लावा, तळाशी सुती कापड घाला आणि खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका, धसक्यानेच जास्त पक्षी जातात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर मरेल. उथळ झाकणात पाणी ठेवलं तरी पुरे.

पिसं मुळासकट उपटली गेली असतील तर काही आठवड्यांत नवी येतात. मधूनच तुटली असतील तर मात्र पुढच्या पिसझडीपर्यंत तशीच राहतात. शेपटीची तीन गेली तरी उडणं थांबत नाही, पंखांची मोठी पिसं शाबूत आहेत ना एवढं बघा. न उडण्याचं कारण बहुतेक थकवा असावा, रात्रभर लटकली असेल तर स्नायू आखडतात.

आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन कराच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानपक्षी घरी ठेवता येत नाही.

प्रतिसाद २

मंगळवारी संध्याकाळी नांदूर मध्यमेश्वरला, चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर होतो. सव्वासहापासून भोरड्या येऊ लागल्या, आधी पन्नास-साठच्या टोळ्या, मग नुसता धूर. अंधार पडायच्या आत सगळ्या पाणकणसात, म्हणजे पाण्यातल्या उंच गवतात, उतरल्या. दलदली हारियर या शिकारी पक्ष्याने दोनदा झडप घातली, थवा मधोमध फाटला आणि परत सांधला. थंडीतल्या पाहुण्यांपैकी पट्टकदंब हंस एकही उरलेला नाही. भुवई बदकं भरपूर आहेत, नरांच्या पांढऱ्या भुवया लांबूनही कळतात. पाणटिवळ्यांच्या माना तांबूस व्हायला लागल्यात. म्हणजे परतीची हलवाहलव चालू आहे, पण भोरड्या अजून निघालेल्या नाहीत. गेल्या वर्षी माझ्या वहीत त्यांची शेवटची नोंद १९ एप्रिलची आहे, त्याआधीच्या वर्षी २३ एप्रिलची. निघण्याआधी अंगावर चरबी चढवायची असते म्हणून आत्ता खाण्याचा जोर जास्त.

तुमच्या सासऱ्यांना सांगा, ही पाखरं इथून मध्य आशियात जातात, तिथल्या गवताळ मुलखात दगडांच्या कपारीत हजारोंनी घरटी करतात आणि पिल्लांना नाकतोडे, टोळ भरवतात. चीनच्या शिनच्यांगमध्ये टोळ आवरावेत म्हणून यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले जातात. आपल्याकडेही गुरांच्या मागे फिरून गवतातले किडे हीच वेचते. द्राक्षावर येते ते महिना-दीड महिना.

प्रतिसाद ३

मी पिंपळगावकडचा, पंधरा वर्षं बाग करतोय. तुमची चूक जाळी लावण्यात नाही, ती सैल टाकण्यात आहे. काळा बारीक धागा पहाटेच्या उजेडात पाखराला दिसतच नाही. पांढरी, जाड विणीची जाळी घ्या. विकत घेताना करंगळी घालून बघा. करंगळी आत जात असेल तर डोकं आणि पाय अडकणारच. वेलीवर टाकू नका. मांडवाच्या तारेच्या वर बांबू बांधून ढोलकीच्या चामड्यासारखी ताणा आणि खालची कड मातीने दाबा. झोळ राहिला की सापळा झाला.

एकरभर नवी जाळी आत्ता परवडणार नाही, ठाऊक आहे. पण भोरडी बांधावरच्या झाडावरून सुरुवात करते, आमच्याकडे तरी कडेच्या दोन-तीन ओळीच खाते. तेवढ्याच झाका. बाकी कडेच्या घडांना पेपर लावा, डिसेंबरात लावतो तसाच. पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दीड तास माणूस हिंडता ठेवा. फटाक्यांनी थवा फक्त शेजाऱ्याच्या बागेत जातो.

खुडा झाला की त्याच दिवशी जाळी गुंडाळा. दोन वर्षांपूर्वी आमच्या पडून राहिलेल्या जाळीत धामण मेली, तेव्हापासून हा नियम.

प्रतिसाद ४

गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला आज सकाळी साधारण दोनशे, फुललेल्या पांगाऱ्यावर. उत्तरेकडे सरकणारा थवा अजून दिसला नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल दुपारीच फोन केला होता, आज सकाळी वनरक्षक दादा आले. त्यांनी दोन्ही पंख उलगडून पाहिले, मोठी पिसं सगळी जागेवर होती. त्यांच्यासमोरच बांधावर खोकं उघडलं. मिनिटभर ती काठावर बसून राहिली, मग बाभळीवर गेली आणि नऊच्या सुमारास वरून जाणाऱ्या टोळीत मिसळली.

काळी जाळी उतरवलीय. मिस्टर पांढरी आणायला निफाडला गेलेत, बांधाकडच्या तीन ओळींपुरतीच. सासरे दुपारपासून त्याच बाजूच्या घडांना पेपर लावतायत. शिनच्यांगचं वाचून दाखवलं तेव्हा काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, “दगड केवढाले ठेवतात?” कोणाला माहीत असेल तर सांगा.

आणि चापडगावला जाणाऱ्यांनो, शेपटीला डावीकडे खाच असलेली भोरडी दिसली तर वेळ लिहून इथे कळवा.