सेंट लुसिया: मुक्काम उत्तरेला की सुफ्रिएरला?

आई-बाबांना घेऊन आठवडाभर सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर जाताय आणि सगळे दिवस नैऋत्येकडच्या सुफ्रिएर गावातच राहायचं म्हणताय, म्हणून लिहितोय. या चर्चेत वर एकांनी उत्तरेकडच्या 'रॉडनी बेशिवाय कुठेही राहू नका' म्हटलंय, तेही मला पटत नाही. मुक्काम सरळ विभागून घ्या.

अमेरिकेतून येणारी विमानं ह्युएनोरा विमानतळावर, म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाला उतरतात. तिथून रॉडनी बे गाठायला दीड तास सहज लागतो आणि रस्ता चांगलाच वळणावळणाचा आहे. सुफ्रिएर त्यामानाने जवळ. म्हणून आधी दोन-तीन रात्री तिथे काढा. पिटॉनचे दोन सुळके (२००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत), गंधकाचे झरे, चिखलस्नान, सगळं हाताशी आहे. पण तिथली बरीच हॉटेलं डोंगरउतारावर आहेत. खोलीतून देखावा अप्रतिम दिसतो, पण जेवायलासुद्धा पायऱ्या उतरून जावं लागू शकतं. आईंचे गुडघे दुखतात म्हणालात, तर बुकिंगआधी हॉटेलला पायऱ्या किती, हे विचाराच. शिवाय तिथली वाळू बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीची, काळसर आहे.

मग उरलेले दिवस उत्तरेला. रॉडनी बेचा रेदुई किनारा लांब, पाणी शांत, हॉटेलं आणि खानावळी सपाटीवर चालत जाण्याच्या अंतरावर. शुक्रवारी रात्री जवळच्या ग्रो इले गावात रस्त्यावरची जत्रा असते, भाजलेल्या माशांचा वास गल्लीभर पसरलेला. ती चुकवू नका.

पूर्व किनारा मात्र टाळा. अटलांटिकच्या लाटा तिथे फार जोरात येतात.