मदत हवी आहे: नवी डिस्क /होमवर माउंट केली तरी रूट ९७ टक्के भरलेलंच

मंडळी, दोन दिवस झटतोय पण काही पत्ता लागत नाहीये म्हणून धागा काढतोय. लिनक्स आहे, जुनी डिस्क ४० जीबीची, सगळं एकाच पार्टिशनवर होतं, म्हणजे रूटवर (/), फाइल सिस्टीम ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची). जागा संपत आली म्हणून ५०० जीबीची नवीन डिस्क लावली, /होममधलं (यूजरच्या फाइली असतात ते) सगळं तिच्यावर कॉपी केलं, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे जोडायची, त्या यादीत) एंट्री टाकली, रीबूट केलं. /होममध्ये गेलं की सगळ्या फाइली नीट दिसतात आणि डीएफ (डिस्कवर किती जागा वापरली ते सांगणारी कमांड) पण तिथे नवी डिस्कच दाखवतं. पण रूट जसंच्या तसं, ३६ जीबी वापरलेलं!

/व्हारमधले जुने लॉग उडवले, /टेम्प साफ केलं, फार काही मोकळं झालं नाही. मग डीयूला (डिरेक्टरीतल्या फाइलींची बेरीज करणारी कमांड) एक्स ऑप्शन देऊन, म्हणजे दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये न शिरता, रूट मोजलं तर बेरीज जेमतेम १२ जीबी. मग उरलेले २४ जीबी कोण खातंय? आणि /यूएसआर (बहुतेक प्रोग्रॅम असतात ती डिरेक्टरी) पण नव्या डिस्कवर हलवू का? मी इतकी वर्षं सी ड्राइव्ह डी ड्राइव्ह बघत आलोय, त्यामुळे कुठली डिरेक्टरी कुठल्या डिस्कवर आहे हेच नीट डोक्यात बसत नाहीये. कृपया जाणकारांनी समजावून सांगा.

प्रतिसाद १
डिलीट केलेली फाइल एखाद्या प्रोग्रॅमने उघडी धरून ठेवली असेल तर असंच होतं, नाव जातं पण जागा सुटत नाही. एलएसओएफने (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) बघा.

धागाकर्ता
पण त्यानंतर दोनदा रीबूट केलंय, आकडा तोच आहे.

प्रतिसाद २
मग ते नाही. तुम्ही कॉपी केलंत, पण जुनं पुसलं का? नसेल तर ते २४ जीबी अजून जुन्या डिस्कवरच, /होमच्या खाली दबलेत.

युनिक्समध्ये, आणि त्याच धर्तीच्या लिनक्समध्ये, डिरेक्टरींचं झाड एकच, रूटपासून सुरू होणारं. डिस्कला स्वतःचं अक्षर नसतं, ती झाडातल्या एखाद्या डिरेक्टरीवर चढवायची. डिरेक्टरी म्हणजे फक्त नावं आणि प्रत्येक नावापुढे आयनोड नंबर (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा क्रमांक), आणि तो नंबर त्याच फाइल सिस्टीमपुरता खरा. माउंट केलं की जुनी डिरेक्टरी झाकली जाते, पुसली जात नाही. एलएस कमांडला डी आणि आय ऑप्शन देऊन /होमचा आयनोड बघा, ईएक्सटी४ असेल तर २ येईल, म्हणजे तुम्ही नव्या डिस्कच्या मुळाशी उभे आहात. डीयू पण त्याच वाटेने जातं म्हणून खालचं त्याला दिसत नाही, डीएफ मात्र थेट फाइल सिस्टीमलाच विचारतं, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत.

माउंट कमांडला बाइंड ऑप्शन (असलेलीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणारा) देऊन रूट /एमएनटीवर (तात्पुरतं माउंट करायची रिकामी डिरेक्टरी) चढवा. साध्या बाइंडमध्ये वरची माउंटं सोबत येत नाहीत, त्यामुळे /एमएनटीच्या आतल्या होममध्ये जुना माल उघडा दिसेल. नव्या डिस्कवर सगळं आलंय का ते ताडून बघा, बॅकअप घ्या, मगच पुसा. आणि होम नावाची डिरेक्टरी ठेवा, फक्त आतलं काढा, नाहीतर पुढच्या बूटला माउंट करायला जागाच नाही.

/यूएसआरला हात लावू नका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स जिथे बनलं त्या बेल लॅब्जमध्ये ती दुसरी डिस्क होती, यूजर लोकांची घरं तिथेच असायची, पहिली डिस्क पुरेना तेव्हा सिस्टीमचे प्रोग्रॅमही तिकडे गेले. आता बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) उलटं झालंय, /बिन (मूळ कमांडची डिरेक्टरी) हीच /यूएसआरमधल्या बिनची सिमलिंक (तिकडे बोट दाखवणारं नुसतं नाव) असते, म्हणजे बूट व्हायलाच ते लागतं.

धागाकर्ता
आयनोड खरंच २ आला! बाइंड केल्यावर आत जुनं सगळं जसंच्या तसं होतं, मी पुसलंच नव्हतं. ताडून बघितलं, बॅकअप घेतला, मग काढलं, आता रूट १२ जीबीवर आलंय. मनापासून आभार. एकच राहिलं, /एमएनटीवरचं बाइंड साध्या अनमाउंटने काढलं तर चालेल ना?

प्रतिसाद २
हो, अगदी. फक्त पुसापुशी संपल्यावर लगेच काढा, ते चढलेलं असताना /एमएनटीमध्ये काही डिलीट केलं तर खऱ्या रूटमधून जातं.