आग साबणाची की वासाची?

दाढीचा साबण निवडताना ‘फक्त वनस्पतिजन्य तेलांचा, रसायनविरहित साबण घ्या, दाढीनंतर आग होणार नाही’ असा सल्ला मिळतो, तो अर्धाच पटतो. (अल्कलीशिवाय, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या रसायनाशिवाय, साबण बनतच नाही, त्यामुळे ‘रसायनविरहित’ सोडूनच द्या.) पुदिना, दालचिनी, लवंग, लिंबू यांची सुगंधी तेलं शंभर टक्के नैसर्गिक असतात आणि नुकताच वस्तरा फिरलेल्या कातडीला नेमकी तीच झोंबतात. म्हणून आधी बिनवासाचा साबण बघा. घटकांच्या यादीत स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड वरच्या नावांत हवेत. त्यांच्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. खोबरेल तेल पहिल्या क्रमांकावर असेल तर फेस भसकन येतो, पण लगेच बसतो आणि चेहरा ताणल्यासारखा होतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. जड (क्षारयुक्त) पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका होतो. मोठ्या बुडबुड्यांचा, पातळ फेस दिसला की साबणाला दोष देण्याआधी एकदा आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात फेटून बघा. साबण कातडीला सोसतो का, याच्या चाचणीसाठी साबण लावून वर पट्टी बांधू नका. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या आसपास, म्हणजे अल्कलीकडे असतो, झाकून ठेवला तर धडधाकट कातडीही लाल होते आणि निष्कर्ष चुकतो. कोपराच्या आतल्या बाजूला फेस दोन-तीन मिनिटं ठेवून धुवा, असं आठवडाभर रोज करा. ॲलर्जीचा पुरळ उठायला दोन-तीन दिवसही लागतात.