मदत हवी आहे: अकूस्टिक बास मैफलीत ऐकूच येत नाही, कॉम्बोला लावला की घुमतो

खर्जातला_खडा:
शनिवारी मैफल आहे, त्यामुळे नमनाला घडाभर तेल नको. अकूस्टिक बास (पोकळ पेटीची बास गिटार), चार तारा. नुसता वाजवला तर दोन गिटारी आणि तबल्यापुढे पार गायब. मिक्सरला लावला तर पत्र्याच्या डब्यातला आवाज, खर्ज नावालाही नाही. मित्राच्या बास कॉम्बोला (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) लावून बासचा नॉब वाढवला तर घूंऽऽ सुरू होतं आणि थांबत नाही. पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) चांगला आहे, तो प्रश्न नाही. तारा बदलू का? कुठल्या घेऊ?

सुतारपक्षी:
पिकअप कुठला? सॅडलखालची (ब्रिजवर तारा टेकतात तो तुकडा) पिझो पट्टी, म्हणजे दाबावर वीज देणारी, आतून चिकटवलेली चकती, की साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक? आत प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) आहे का? बॅटरी कधी बदलली? मिक्सरच्या कुठल्या इनपुटला लावला? आणि घुमतो तो नेमका कुठल्या सुरावर?

ठोकताल:
एवढी चौकशी कशाला? विकून टाका आणि सॉलिड बॉडीचा इलेक्ट्रिक बास घ्या. फीडबॅकचा (ॲम्पचा आवाज परत बासमध्ये शिरून घुमण्याचा) विषयच संपला.

तारसप्तक_नको:
तारा बदलाच. फॉस्फर ब्रॉन्झ काढून नायलॉन टेपवाउंड (वरून नायलॉनची फीत गुंडाळलेल्या) लावा. बोटांची करकर जाते, डबल बासच्या जवळचा गोल आवाज मिळतो.

सुतारपक्षी:
@तारसप्तक_नको, आवाज गोल होईल, पण नुसता वाजवताना आणखी कमी होईल. त्यांची पहिली तक्रारच ती आहे. बिनॲम्पचं वाजवायचं तर ब्रॉन्झच हवी, ०४५ ते १०० किंवा १०५ चा संच (जाडी, इंचाच्या हजारांशात). टेपवाउंड ॲम्पवाल्यांसाठी. आणि उद्या कुणी साउंडहोलचा मॅग्नेटिक पिकअप सुचवलाच तर एक लक्षात ठेवा: ब्रॉन्झचं वेटोळं चुंबकाला दिसत नाही, फक्त आतली पोलादी तार दिसते.

खर्जातला_खडा:
मी तारांचं विचारलं आणि मलाच प्रश्न. सॅडलखाली पट्टी आहे, दुकानदाराने बसवून दिली. मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला, दुसरीकडे कुठे लावणार? बॅटरी कसली? बॅटरीची पेटीबिटी काही नाही. घुमतो डी तारेच्या चौथ्या फ्रेटवर, तिथे जास्तच.

ओहमशांती:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! पॅसिव्ह पिझो आहे. पट्टी म्हणजे एक छोटा कपॅसिटर, साधारण १ नॅनोफॅरडचा. तो आणि समोरच्या इनपुटचा रेझिस्टन्स मिळून खर्ज कापणारा फिल्टर तयार होतो. हिशेब असा:
लाइन इनपुट १० किलोओहम: कट (म्हणजे आवाज घटायला लागतो ती जागा) सुमारे १६,००० हर्ट्झपासून खाली. म्हणजे पत्र्याचा डबा.
कॉम्बो १ मेगाओहम: कट १५९ हर्ट्झला.
१० मेगाओहमचा बफर (पिझो आणि ॲम्पच्या मधलं छोटं सर्किट): कट १६ हर्ट्झला. हे हवं.
तुमची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. कॉम्बोवरही ती सुमारे १२ डेसिबलने खाली गेलेली असते. डी तारेचा चौथा फ्रेट ९२.५ हर्ट्झ, तो फक्त ६ डेसिबलने. तुम्ही नॉब वाढवता तेव्हा बऱ्याच ॲम्पवर ८० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टाच सर्वांत जास्त उचलला जातो. ई तार तशीच मेलेली राहते आणि ९२ ला घूंऽऽ. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ठोकताल:
डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा की मग. स्टेजवर सगळे तेच करतात.

ओहमशांती:
कुठला डीआय? ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआयचं इनपुट १४० किलोओहमच्या आसपास असतं. कट जवळजवळ ११०० हर्ट्झला. पैसे घालवून पुन्हा पत्राच. ॲक्टिव्ह घ्यायचा तर माहितीपत्रकात १० मेगाओहम लिहिलेलं बघून घ्या. बरेच ॲक्टिव्हही १ मेगाओहमवरच थांबतात.

ठोकताल:
ऐकताना कोण गणित करतं? कानाला चांगलं लागलं की झालं.

ओहमशांती:
त्यांच्या कानाला चांगलं लागत नाहीये, म्हणूनच धागा आहे.

गुंजन_नागपूर:
९२ हर्ट्झला घुमणं फक्त नॉबमुळे नाही. बासच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा सूर बहुधा तिथेच आहे. तपासायला सोपं: घूं सुरू झालं की साउंडहोलवर तळहात ठेवा. लगेच थांबलं तर हवेचाच दोष. मग रबराचं साउंडहोल झाकण बसवा, पण आधी भोकाचा व्यास मोजा, सगळ्यांचा सारखा नसतो. ईक्यू (सुरांचे पट्टे वेगवेगळे कमीजास्त करणारं) असेल तर ९२ ला अरुंद खाच, ६ ते ९ डेसिबल, आणि ३५ ते ४० च्या खालचं सगळं कापा. तिथे सूर नसतो, नुसते तळहाताचे धक्के असतात.

सूरसिंगार:
फेज बटण (सिग्नल उलटा करणारं) दाबा, लगेच जातं. झाकणबिकण कशाला?

गुंजन_नागपूर:
कधी जातं, कधी वाढतं. ९२ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.७ मीटर. ॲम्प १.८ मीटर मागेपुढे सरकवलात तरी बटण दाबल्यासारखाच परिणाम होतो. बटण असेल तर जरूर दाबून बघा, पण जागा बदलली की पुन्हा बघायचं. ॲम्प कोपऱ्यात मात्र नको, भिंती खर्ज आणखी वाढवतात.

सोप्रानोकाकू:
माझ्या भाच्याला युकेलेले बास हवाय, त्यात मॅग्नेटिक पिकअप चालेल का? तारा रबरासारख्या आहेत.

सुतारपक्षी:
नाही काकू, त्या तारांत लोखंड नसतं. पिझोच लागेल.

खर्जातला_खडा:
हात ठेवला, थांबलं. पण बिनॲम्पचं काय? पेटी एवढी मोठी असून आवाज का नाही?

सुतारपक्षी:
कारण खर्जासाठी ती लहानच आहे. ४१ हर्ट्झची लांबी ८ मीटरहून जास्त, तुमच्या पेटीची पुढची पाटी जेमतेम ४० सेंटीमीटर रुंद. डबल बासच्या एवढ्या थोरल्या पेटीतली हवासुद्धा साठेक हर्ट्झच्या आसपास बोलते. तुम्ही मोकळी ई म्हणून ऐकता ते बहुतेक ८२ आणि १२३ चे उपस्वर, बाकी कान भरून काढतो. १९७२ मध्ये अर्नी बॉलने अर्थवुड नावाचा अकूस्टिक बास काढला तेव्हा पेटी आठेक इंच खोल ठेवावी लागली होती. मेक्सिकोचा गितारॉन (तिकडचं खर्जाचं गिटारवजा वाद्य) तर त्याहून फुगीर, वर वादक एकच सूर दोन तारांवर सप्तकाच्या अंतराने एकदम छेडतात. तुमच्याकडे उपाय तोच: ए आणि डी तारांवर वरच्या सप्तकात वाजवा, ब्रिजकडे सरकून छेडा, पाटीचं तोंड श्रोत्यांकडे ठेवा. तबल्याचा डग्गा त्याच भागात घुमतो, तेव्हा डग्ग्याच्या घुमाऱ्यावर लांब सूर धरू नका. आणि हो, जी (G) तारेचा आवाज ॲम्पवर बाकीच्यांपेक्षा कमी येतो का? तसं असेल तर सॅडल पट्टीवर नीट बसलेलं नाही. काचेवर ३२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून सॅडलचा तळ सपाट करा. वरची कड घासू नका.

खर्जातला_खडा:
जी तारेचा आवाज कमीच येतो. बफर तयार मिळत नाहीये इथे. शनिवारपर्यंत बनवता येईल?

ओहमशांती:
एका संध्याकाळचं काम. टीएल०७२ (ऑपॲम्प चिप, एकीत दोन ॲम्प) चालतो, बॅटरी वाचवायची तर टीएल०६२. ९ व्होल्टचे दोन १०० किलोओहमनी समान भाग करा, मधल्या बिंदूवरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. त्याच बिंदूवरून १० मेगाओहम थेट प्लस इनपुटला. पिझो १० नॅनोफॅरडमधून त्याच पिनला. मायनस इनपुट आउटपुटला जोडा. आउटपुट १० मायक्रोफॅरडमधून जॅकला, कपॅसिटरचं प्लस टोक चिपकडे. दुसऱ्या ॲम्पचं प्लस इनपुट मधल्या बिंदूला आणि मायनस त्याच्याच आउटपुटला बांधा, लोंबकळत ठेवू नका. जॅक स्टीरिओ घ्या, बॅटरीचं मायनस रिंगवर. पिन घातली की चालू, काढली की बंद. मैफल संपल्यावर पिन विसरलात तर बॅटरी गेली.
पिझोपासून बफरपर्यंतची वायर वीतभरच ठेवा. लांब केबलने पॅसिव्ह पिझोचा सूर बदलत नाही, पण आवाज पडतो: सहा मीटरला साधारण ६०० पिकोफॅरड, म्हणजे चारेक डेसिबल.

सूरसिंगार:
पण मग फेज बटण कुठे बसवणार?

सुतारपक्षी:
बसवू नका, वेळ नाही. खडाभाऊ, जुना जॅक काढण्याआधी बाहेरून त्याच्या भोकात एक लांब गिटारची तार घालून ठेवा आणि नवा जॅक तिच्यावरूनच ओढून घ्या. नाहीतर नट लावायला जॅक पेटीच्या आतून हाताने पकडता येणार नाही.