१९५१ चा जायंट्सचा पेनंट: कमावलेला की लाटलेला?

पूर्वेचा वारा

माझं मत आधीच सांगून टाकतो. अमेरिकन बेसबॉलमधल्या नॅशनल लीगचा १९५१ चा पेनंट न्यूयॉर्क जायंट्सनी जिंकला, पण स्वच्छ हातांनी नाही. त्या हंगामाचे गोडवे गाताना ही गोष्ट जाता जाता उरकून टाकतात, ते मला पटत नाही.

ज्यांना हा हंगाम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पेनंट म्हणजे लीगचं विजेतेपद. तो जिंकणारा संघ पुढे दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम लढत, खेळतो. नॅशनल लीगचे दोन संघ तेव्हा न्यूयॉर्क शहरातच होते, मॅनहॅटनचे जायंट्स आणि ब्रुकलिनचे डॉजर्स, आणि दोघांत विस्तव जात नव्हता. त्यात जायंट्सचा मॅनेजर लिओ डुरोशर १९४८ च्या मध्यापर्यंत डॉजर्सचाच मॅनेजर होता. हंगामाच्या सुरुवातीलाच जायंट्स सलग ११ सामने हरले. ११ ऑगस्टच्या रात्री डॉजर्स १३ सामन्यांनी पुढे होते. तिथून जायंट्सनी सलग १६ सामने जिंकले, शेवटच्या ४४ पैकी ३७ खिशात घातले, आणि १५४ सामने संपले तेव्हा दोन्ही संघ ९६ विजय, ५८ पराभव अशा बरोबरीत होते.

मग तीन सामन्यांचा प्लेऑफ. पहिला जायंट्सनी घेतला, दुसरा डॉजर्सनी. ३ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये जायंट्स ४-२ असे मागे. दोन माणसं बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवर. डॉजर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) राल्फ ब्रँकाच्या दुसऱ्याच चेंडूवर जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डाव्या भिंतीपलीकडे होमरन मारला; अशा टोल्यावर फलंदाजासकट बेसवरच्या सगळ्यांची धाव पूर्ण होते. ५-४. रेडिओवर रस हॉजेस ‘जायंट्सनी पेनंट जिंकला’ हे एकच वाक्य ओरडत राहिला. बेसबॉलमधला सगळ्यात गाजलेला टोला तो हाच.

आता न सांगितली जाणारी बाजू. पोलो ग्राउंड्सवर, म्हणजे जायंट्सच्या घरच्या मैदानावर, खेळाडूंचं क्लबहाउस मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, सेंटर फील्डच्या मागे होतं, फलंदाजापासून सुमारे ४८० फुटांवर. २० जुलैपासून तिथल्या खिडकीत दुर्बीण लागली. पिचरने कोणता चेंडू टाकायचा हे तेव्हा फलंदाजामागे बसलेला कॅचर बोटांनी खुणावायचा. हर्मन फ्रँक्स हा कोच दुर्बिणीतून ती बोटं वाचायचा आणि बटण दाबायचा. अब्राहम चॅडविक नावाच्या इलेक्ट्रिशियनने टाकलेल्या तारेवरून बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या जागी, बझर वाजायचा. एकदा वाजला तर वेगवान चेंडू, दोनदा वाजला तर वळणारा. तिथे बसलेला सॅल इव्हार्स हातातला चेंडू उडवून किंवा नुसता धरून फलंदाजाला ते कळवायचा. जॉशुआ प्रेगर यांनी २००१ मध्ये त्याच संघातल्या म्हाताऱ्या खेळाडूंना बोलतं करून हे सगळं वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये मांडलं.

कुठला चेंडू येणार हे फलंदाजाला आधीच कळलं, तर पिचरच्या हातात उरतं काय? हा पेनंट लाटलेला आहे.

धावफलक

साफ असहमत. दुर्बीण होती हे कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे तिच्यामुळे किती सामने जिंकले हा, आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे. २० जुलैनंतर घरच्या मैदानावर जायंट्सची फलंदाजी सुधारलीच नाही. उलट किंचित घसरली. सुधारली ती बाहेरच्या मैदानांवर, जिथे ना दुर्बीण होती ना तार. मग विजय कुठून आले? पिचिंगमधून. सॅल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन, दोघांचे त्या वर्षी २३-२३ विजय. दुर्बिणीने मॅग्लीचा चेंडू वळत नाही.

प्लेऑफच पाहा. पहिला सामना ब्रुकलिनला, एबेट्स फील्डवर झाला. तिथेही थॉमसनने ब्रँकालाच होमरन मारला. दुसरा पोलो ग्राउंड्सवर, म्हणजे ऐन दुर्बिणीच्या घरात, आणि तिथे डॉजर्सचा पिचर क्लेम लबाइनने जायंट्सना एकही धाव घेऊ दिली नाही. १०-०. चोरीचा माल इतका कामाचा होता तर त्या दिवशी कुठे गेला?

निंबोणी

पूर्वेचा वारा यांच्याशी सहमत.

धावफलक, तुमचे सरासरीचे आकडे बरोबर असतील, पण सलग जिंकलेल्या त्या १६ पैकी १३ सामने पोलो ग्राउंड्सवर झाले हेही आकड्यांतच आहे. शिवाय सरासरीत एक गोष्ट दिसत नाही. दहा वेळा खूण मिळून काही झालं नाही आणि अकराव्या वेळी, माणसं बेसवर असताना, एक टोला बसला, तर सरासरी हलत नाही. सामना हलतो.

आता कुणीतरी ‘तेव्हा नियमच नव्हता’ हा मुद्दा आणेलच, म्हणून आधीच लिहिते. खरंय, यांत्रिक साधनं वापरून खुणा चोरायला नॅशनल लीगने बंदी घातली ती १९६१ मध्ये. पण खेळाडूंना आतून काय वाटत होतं? अ‍ॅल वर्दिंग्टन नावाचा पिचर १९५९ मध्ये जायंट्सकडेच होता. संघ तोवर सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. खुणाचोरी चालू आहे हे कळल्यावर तो मॅनेजर बिल रिग्नीकडे गेला आणि हे थांबलं नाही तर मी खेळणार नाही म्हणाला. रिग्नीने ते थांबवलं. हा रिग्नी १९५१ च्या संघात खेळाडू होता बरं का. पुढच्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्समध्येही वर्दिंग्टनला तेच दिसलं, तेव्हा तो सरळ संघ सोडून घरी गेला. म्हणजे नियम नसतानाही हे चुकीचं आहे असं मानून पोटावर पाय आणून घेणारी माणसं त्याच काळात, त्याच ड्रेसिंगरूममध्ये होती. आणि काही गैर नव्हतं तर जायंट्सनी पन्नास वर्षं तोंड का शिवून ठेवलं?

कृष्णाकाठ

‘तेव्हा सगळेच करायचे’ ही सबब मला आवडत नाही, पण ती खोटीही नाही. १९४८ चे क्लीव्हलँड इंडियन्स स्कोअरबोर्डमधून दुर्बिणीने खुणा वाचायचे, आणि ती दुर्बीण बॉब फेलर युद्धावरून घेऊन आला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. त्या वर्षी ते वर्ल्ड सीरिज जिंकले. त्यांना कुणी चोर म्हणत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. पेनंट डॉजर्सनी घालवला. ११ ऑगस्टनंतर त्यांनी २६ सामने जिंकले आणि २२ हरले. हे २२ पराभव काही सगळे जायंट्सच्या मैदानावर झाले नाहीत. मॅनेजर चक ड्रेसनने पिचर अक्षरशः पिळून काढले. डॉन न्यूकमचंच उदाहरण घ्या. २९ सप्टेंबरला फिलाडेल्फियात पूर्ण सामना टाकला, तोही समोरच्यांना शून्यावर रोखून. दुसऱ्याच दिवशी १४ इनिंग चाललेल्या सामन्यात पुन्हा पाच इनिंगहून जास्त टाकायला लावलं. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सनने आधी सामना वाचवणारा झेल घेतला आणि मग होमरन मारला, म्हणून डॉजर्स प्लेऑफपर्यंत तरी पोचले. आणि ३ ऑक्टोबरला परत न्यूकमच. नवव्या इनिंगला त्याचा खांदा बोलत नसेल तर काय! मग त्याच्या जागी आणला कुणाला? ज्याला दोनच दिवसांपूर्वी थॉमसनने होमरन मारला होता त्या ब्रँकाला. पहिला बेस रिकामा होता, थॉमसनला मुद्दाम चालत सोडता, म्हणजे बाहेरचे चेंडू टाकून पहिला बेस फुकट देता आलं असतं. पुढचा फलंदाज होता २० वर्षांचा, पहिल्याच हंगामातला विली मेज.

आणखी एक. तो चेंडू पडला तेव्हा दुसऱ्या बेसवर व्हायटी लॉकमन उभा होता. दुसऱ्या बेसवरून कॅचरची बोटं उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि तिथून खूण ओळखणं तेव्हाही चालायचं, आजही चालतं.

रात्रपाळी

२०१७ च्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनी कॅमेऱ्यातून खुणा वाचल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला कळवल्या. २०२० मध्ये चौकशी होऊन संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. विजेतेपद मात्र काढून घेतलं नाही. लाखो लोकांनी त्यांना मैदानोमैदानी हुर्यो केलं, ते रास्तच होतं. तोच न्याय १९५१ ला लावताना आपला हात का आखडतो? फक्त टोला सुंदर होता म्हणून?

पूर्वेचा वारा

धावफलक, कृष्णाकाठ, तुम्ही दोघंही ‘किती फायदा झाला’ हे मोजताय. पण हिशोब असा बघा: १५४ सामन्यांनंतर संघ बरोबरीत होते. अडीच महिने चाललेल्या चोरीतून एकच सामना, फक्त एकच, इकडचा तिकडे झाला असेल, तरी चोरीशिवाय प्लेऑफ झालाच नसता. ब्रँका तिथे उभाच राहिला नसता. चोरीने पंधरा सामने जिंकून दिले हे मला सिद्ध करायची गरजच नाही.

आणि ब्रँकाबद्दल कुणीच बोललं नाही. हा माणूस २१ वर्षांचा असताना, १९४७ मध्ये, २१ सामने जिंकला होता. १९५१ नंतर तो आयुष्यभर एका चेंडूचा धनी झाला. १९५४ मध्ये डेट्रॉइटला असताना एका सहकाऱ्याने त्याला दुर्बिणीची गोष्ट सांगितली, तरी त्याने जाहीर बोभाटा केला नाही. हरल्यावर रडतोय असं कुणी म्हणू नये म्हणून. पुढे थॉमसन आणि तो जोडीने सह्या द्यायला जायचे, एकमेकांचे स्नेही झाले, आणि हे माहीत असून तो थॉमसनशेजारी बसून त्या टोल्याच्या फोटोवर सही करत होता. थॉमसनने हंगामात खुणा घेतल्याचं कबूल केलं, ‘त्या चेंडूवर मात्र नाही’ असं तो म्हणत राहिला. तो खरं बोलत असेलही. पण ही शंका ब्रँकाच्या डोक्यावर कुणी ठेवली? जायंट्सनीच ना?

धावफलक

ब्रँकावर अन्याय झाला, मान्य. पण तुमचा ‘एकच सामना’ दोन्हीकडून कापतो. बरोबरी एका सामन्याने सुटली असती, तर जायंट्सच्या बाजूचा प्रत्येक स्वच्छ क्षणही तितकाच निर्णायक ठरतो. १५ ऑगस्टचा सामना घ्या. समोर डॉजर्स, १-१ बरोबरी, आठवी इनिंग, बिली कॉक्स तिसऱ्या बेसवर. कार्ल फुरिलोने उजव्या-मध्य भागात उंच चेंडू मारला. मेजने धावत झेल घेतला आणि थांबून पवित्रा न घेता पूर्ण गिरकी घेऊन तिथूनच थेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, फेकला. कॉक्स बाद. त्यात कुठली तार होती?

आणि मॉन्टी अर्व्हिन. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये उमेदीची वर्षं काढून ३० व्या वर्षी, १९४९ मध्ये, त्याला जायंट्सचा दरवाजा उघडला. १९५१ मध्ये ३२ वर्षांच्या या माणसाच्या टोल्यांवर १२१ धावा आल्या, लीगमध्ये सर्वाधिक. मग वर्ल्ड सीरिजमध्ये प्रतिस्पर्धी यँकीजच्या मैदानावर, जिथे चोरायला काही नव्हतं, पहिल्याच सामन्यात त्याने होम प्लेट चोरली, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच तिसऱ्या बेसवरून धावत येऊन धाव घेतली. ही चोरी नियमातली. ‘लाटलेला पेनंट’ म्हणताना तुम्ही अर्व्हिनच्याही तोंडाला काळं फासताय.

निंबोणी

१५ ऑगस्ट तुम्हीच काढलात ते बरं झालं. मेजच्या त्या झेलानंतर त्याच इनिंगमध्ये वेस वेस्ट्रमने दोन धावांचा होमरन मारला आणि जायंट्स ३-१ जिंकले. कुठे? पोलो ग्राउंड्सवर. वेस्ट्रमला काय येणार हे माहीत होतं की नव्हतं, सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. मलाही नाही. तारेने नेमकं हेच केलंय: मेजची फेक स्वच्छ, आणि तिच्या शेजारचा टोला संशयित. अर्व्हिनच्या तोंडाला काळं आम्ही नाही फासत. ते काम क्लबहाउसमध्ये दिवा मालवून बसलेल्यांनी केलं.

पूर्वेचा वारा

निंबोणी, अगदी हेच म्हणायचं होतं.

धावफलक, अर्व्हिनचं मोठेपण माझ्या लेखी तसूभरही कमी नाही. पेनंट परत घ्या असंही माझं म्हणणं नाही; ७० हून जास्त वर्षांनी कुणाला द्यायचा, तो ब्रुकलिनचा संघ लॉस एंजेलिसला जाऊनही जमाना झाला. माझी मागणी एवढीच की दर ऑक्टोबरला हॉजेसचं ते ओरडणं ऐकवतात, तेव्हा त्याच कार्यक्रमात फ्रँक्स, चॅडविक आणि तारेचंही सांगा.

धावफलक

जरूर सांगा, माझी काहीच हरकत नाही. फक्त त्याच दमात लबाइनचे १०-० सांगा, न्यूकमच्या त्या पाच दिवसांबद्दल सांगा आणि घरच्या मैदानावर फलंदाजी घसरली होती हेही सांगा. ‘लाटलेला’ हा शब्द मात्र मी मान्य करत नाही.